बायबलमधील स्खलनशील व्यक्तिरेखा आणि आशेचा प्रश्न : दावीद, एलीया व पेत्र यांच्या कथनांचा चिकित्सक अभ्यास

गोषवारा

बायबलमधील बहुतेक प्रमुख व्यक्तिरेखा निर्दोष नाहीत आणि या वस्तुस्थितीतून ख्रिस्ती वाचकाला आशा मिळते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ही आशा नेमकी कशावर आधारलेली आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात दावीद, एलीया आणि पेत्र या तीन व्यक्तिरेखांच्या कथनांच्या आधारे घेतला आहे. थोर माणसेही चुकली, एवढ्यावर ही आशा उभी राहत नाही. चूक झाकली गेली नाही, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव टिकून राहिले आणि चुकणाऱ्याची कथा चुकीपाशी थांबली नाही, या तीन गोष्टींवर ती उभी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बायबल, कथनमीमांसा, स्खलन, पश्चात्ताप, कृपा, आशा.

१. प्रस्तावना

कोणत्याही समाजाच्या श्रद्धाग्रंथात त्या समाजाचे पूर्वज आदर्शरूपाने यावेत, अशी वाचकाची स्वाभाविक अपेक्षा असते. बायबल ही अपेक्षा पूर्ण करीत नाही. विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणून गौरवलेला अब्राहाम जिवाच्या भीतीने आपल्या पत्नीला बहीण म्हणून सांगतो, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा. ज्याच्या नावाने इस्राएल राष्ट्र ओळखले जाते तो याकोब आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद मिळवतो. नियमशास्त्र देणाऱ्या मोशेच्या हातून एका मिसरी माणसाची हत्या झालेली आहे आणि आयुष्याच्या अखेरीस त्याला वचनदत्त देश केवळ दुरून पाहावा लागतो. नव्या करारातील शिष्यही गुरूला नीट ओळखत नाहीत, त्याच्या संकटाच्या वेळी झोपी जातात आणि अटकेच्या वेळी पळून जातात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू निष्पाप आहे, त्यामुळे तो या विवेचनाच्या कक्षेबाहेर राहतो. इतरांच्या बाबतीत मात्र बायबलचे कथन फारशी दयामाया दाखवीत नाही.

प्रस्तुत लेखक ख्रिस्ती कुटुंबात वाढला असून मराठी साहित्याचे अध्यापन करतो. रविवारच्या शाळेत दावीद भेटला तो गल्याथाला मारणारा पोरसवदा मेंढपाळ म्हणून. उरीयाची कथा तेथे कोणी सांगितली नाही. पुढे मोठेपणी उपदेशांतून ती ऐकली, पण तेव्हा तिचा सूर वेगळा होता. दाविदासारखा माणूसही घसरला, मग आपल्यासारख्यांचे काय, असा तो दिलासा होता. पहिल्या पद्धतीत दोष झाकला जातो, तर दुसऱ्या पद्धतीत दोषाचाच आधार घेतला जातो. संहिता या दोहोंपैकी काहीच करीत नाही, असे पुढे साहित्याचा विद्यार्थी म्हणून ती पुन्हा वाचताना जाणवले. त्या जाणिवेतून हा लेख सिद्ध झाला आहे.

बायबलकडे साहित्यकृती म्हणून पाहण्याची परंपरा आता चांगली रुजली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूल येथे निर्वासित म्हणून राहताना एरिख आउअरबाख यांनी लिहिलेला आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मिमेसिस’ हा ग्रंथ, रॉबर्ट ऑल्टर यांचा ‘द आर्ट ऑफ बिब्लिकल नॅरेटिव्ह’ (१९८१) आणि मायर स्टर्नबर्ग यांचा ‘द पोएटिक्स ऑफ बिब्लिकल नॅरेटिव्ह’ (१९८५) हे या परंपरेतील महत्त्वाचे टप्पे होत. प्रस्तुत लेखाची पद्धत संहितानिष्ठ वाचनाची आहे. मात्र हे वाचन श्रद्धेला वगळून केलेले नाही, हे सुरुवातीलाच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

२. दावीद : पाठविणारा राजा

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील अकरावा अध्याय हा बायबलमधील कथनकौशल्याचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. राजे ज्या ऋतूत लढाईवर निघतात, त्या ऋतूत दावीद यरुशलेमेतच राहिला, या एका नोंदीने कथेला सुरुवात होते. निवेदक टीका करीत नाही, केवळ वस्तुस्थिती सांगतो. परंतु सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसलेले असताना राजा संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरतो आहे, एवढे चित्र पुरेसे बोलके आहे.

या अध्यायात ‘पाठविणे’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. दावीद यवाबाला लढाईवर पाठवितो, त्या स्त्रीची चौकशी करण्यास माणूस पाठवितो, तिला आणण्यास जासूद पाठवितो, तिच्या पतीला रणांगणावरून पाठवून दे असा निरोप धाडतो आणि शेवटी त्याच पतीच्या हाती त्याच्याच मृत्यूचा हुकूम देऊन त्याला परत पाठवितो. जागचे न हलता इतरांना हलविणे ही सत्तेची खूण आहे. बाराव्या अध्यायाच्या आरंभी हेच क्रियापद परत येते, परंतु कर्ता बदललेला असतो. आता परमेश्वर नाथान संदेष्ट्याला दाविदाकडे पाठवितो.

दुसरा असाच दुवा ‘दृष्टीला वाईट’ या शब्दप्रयोगाचा आहे. उरीया मारला गेल्यावर दावीद यवाबाला धीर देणारा निरोप धाडतो. ही गोष्ट तुझ्या दृष्टीला वाईट दिसू देऊ नकोस, तलवार कोणालाही खाते, असा त्याचा आशय आहे. अध्यायाच्या शेवटच्या वाक्यात निवेदक त्याच शब्दांची पुनरुक्ती करून सांगतो की दाविदाने केलेली गोष्ट परमेश्वराच्या दृष्टीला वाईट दिसली. संपूर्ण अध्यायात देवाविषयी निवेदक स्वतःहून बोलतो ते येथेच. राजाने घटनेला दिलेला अर्थ आणि कथनाने तिला दिलेला अर्थ यांतील विरोध शब्दांच्या पातळीवर असा स्पष्ट केला आहे.

बथशेबेच्या चित्रणाकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. नंतरच्या उपदेशपरंपरेत आणि चित्रकलेत तिला मोहिनी घालणारी स्त्री म्हणून रंगविण्याची प्रवृत्ती आढळते. संहितेत त्याला आधार नाही. तिच्या तोंडी या अध्यायात केवळ एक निरोप आहे. आपण गर्भवती असल्याचे ती कळविते आणि मूळ हिब्रूत त्यासाठी अवघे दोन शब्द आहेत. नाथानाच्या दृष्टान्तातही श्रीमंत माणूस गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून घेतो. मेंढीचा तेथे काहीही अपराध नाही.

या दृष्टान्ताची रचना विशेष आहे. नाथान राजावर आरोप करीत नाही, तो त्याच्यापुढे न्यायासाठी एक प्रकरण मांडतो. दावीद संतापतो आणि चौपट भरपाईचा निवाडा देतो. निवाडा देऊन झाल्यावरच त्याला समजते की आरोपी आपणच आहोत. यावर दाविदाचे उत्तरही मूळ हिब्रूत दोनच शब्दांचे आहे. आपण परमेश्वराविरुद्ध पाप केले, एवढेच तो म्हणतो. त्याच्या आधीचा राजा शौल यानेही पापाची कबुली दिली होती, परंतु त्याने लोकांकडे बोट दाखविले आणि वडीलजनांसमोर आपला मान राखावा अशी विनंती केली. दाविदाच्या कबुलीत सबब नाही आणि प्रतिष्ठेची काळजीही नाही.

यापुढील कथाभाग दिलासा शोधणाऱ्या वाचकाला अडचणीचा वाटतो. क्षमा मिळते, परंतु परिणाम टळत नाहीत. नवजात मूल मरते. दाविदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, बलात्कार करतो. दावीद संतप्त होतो, पण काहीच करीत नाही. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाचा खून करतो आणि पुढे बापाविरुद्ध बंड करून स्वतःही मारला जातो. जो राजा इतरांना पाठवून आपले इच्छित साधत होता, तो आता वेशीत बसून रणांगणावरून येणाऱ्या निरोप्यांची वाट पाहतो. आशा जर असेल तर ती या सर्व विध्वंसाला वगळून असू शकत नाही.

३. वगळलेली कथा आणि टिकून राहिलेले नाव

ही कथा टाळता आली असती का? या प्रश्नाचे उत्तर खुद्द बायबलमध्येच मिळते. बाबेलच्या बंदिवासानंतरच्या काळात सिद्ध झालेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील विसाव्या अध्यायात राब्बाच्या वेढ्याचा वृत्तान्त येतो. राजे लढाईवर निघतात तो ऋतू आणि दाविदाचे यरुशलेमेत राहणे या दोन्ही गोष्टी तेथे आहेत. मात्र बथशेबा नाही, उरीया नाही आणि नाथानाचा दृष्टान्तही नाही. कथन थेट राब्बाच्या पाडावाकडे जाते. इतिहासकाराने दाविदाचे सगळेच दोष झाकले असे म्हणता येणार नाही, कारण शिरगणतीचे पाप त्याने नोंदविले आहे. परंतु मंदिराची योजना आखणाऱ्या राजाच्या चरित्रातून ही कथा गळाली आहे, हे निश्चित.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. परंपरेपुढे कथा गाळण्याचा पर्याय होता आणि एका ग्रंथाने तो स्वीकारलाही. तरीही पवित्र ग्रंथांचा संग्रह निश्चित होताना दोन्ही ग्रंथ ठेवले गेले. उजळलेला दावीद उपलब्ध असतानाही डागाळलेला दावीद दूर करण्यात आला नाही. राजाला आरोपी ठरविणारी कथा त्या समाजाने आपल्या देवळात वाचण्याच्या ग्रंथात जपून ठेवली.

उरीयाचे नावही असेच टिकून राहिले. तो हित्ती म्हणून, म्हणजे परक्या कुळातला म्हणून, ओळखला जातो. तरीही कराराचा कोश आणि सैन्य तंबूत असताना आपण घरी जाऊन आरामात राहणार नाही, असे तो राजाला सांगतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात दाविदाच्या पराक्रमी वीरांची यादी आहे. एकूण सदतीस नावांच्या या यादीत सर्वांत शेवटी उरीया हित्ती हे नाव येते. यादी राजाच्या वैभवाची आहे आणि ती संपते ती राजाने मारविलेल्या माणसापाशी. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात दाविदाच्या निष्ठेची स्तुती करतानाही उरीयाच्या प्रकरणाचा अपवाद स्पष्टपणे नोंदविला आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी येशूची वंशावळ आहे. मराठी वाचक बहुधा नावांची रांग म्हणून ती ओलांडून पुढे जातो. या वंशावळीत तामार, राहाब आणि रूथ या स्त्रियांची नावे येतात. शलमोनाच्या आईचा उल्लेख मात्र नावाने न होता उरीयाची पत्नी असा होतो. दाविदाच्या वंशात जन्म ही येशूच्या ख्रिस्तपदाची खूण मानली जाते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी शुभवर्तमानकार मृत उरीयाला उभे करतो. या उल्लेखाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. उरीयाचे नाव राखताना बथशेबेचे स्वतःचे नाव येथे लोपले आहे. संहितेचा न्यायही अशा रीतीने अपुरा राहतो.

४. एलीया : न सुधारलेला संदेष्टा

दाविदाचे स्खलन हे सत्तेच्या गैरवापराचे आहे. एलीयाचे स्खलन वेगळ्या प्रकारचे असून त्याला पाप म्हणावे की नाही, हाही प्रश्न आहे. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांना हरविणारा हा संदेष्टा लगेच पुढच्या अध्यायात ईजबेल राणीच्या एका धमकीने पळ काढतो. चाकराला मागे ठेवून तो एकटाच रानात जातो आणि एका झुडपाखाली बसून मरण मागतो.

येथे देवाचा पहिला प्रतिसाद शब्दांचा नाही, भाकरीचा आहे. एलीया झोपी जातो. देवदूत त्याला उठवितो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दाखवितो. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. असे दोनदा घडते. थकलेल्या माणसाला उपदेश करण्यापूर्वी त्याला जेवू घालावे आणि झोपू द्यावे, हे शहाणपण या प्रसंगात आहे.

होरेब डोंगरावरील प्रसंग मात्र उपदेशांतून बऱ्याचदा अर्धवट सांगितला जातो. वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर मंद असा सूक्ष्म ध्वनी येतो आणि एलीया सावरतो, असा त्याचा सारांश ऐकू येतो. संहिता असे सांगत नाही. त्या ध्वनीपूर्वी देव एलीयाला, तू येथे काय करतोस, असे विचारतो आणि ध्वनीनंतरही तोच प्रश्न विचारतो. दोन्ही वेळा एलीयाचे उत्तर एकच आहे. आपण एकटेच उरलो असून लोक आपला जीव घेऊ पाहत आहेत, ही तक्रार तो त्याच शब्दांत पुन्हा मांडतो. साक्षात्काराने त्याची मनःस्थिती बदललेली नाही.

तरीही देव त्याला काम सोपवितो. हजाएल आणि येहू यांना राजे म्हणून व अलीशाला संदेष्टा म्हणून अभिषेक करावा, अशी आज्ञा होते. बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत, असेही त्याला कळते. यांपैकी अलीशाला बोलावण्याचे काम एलीया स्वतः करतो. उरलेली दोन कामे पुढे अलीशाच्या काळात पूर्ण होतात. म्हणजे येथील आशा एलीयाने आपले बळ परत मिळविण्यावर अवलंबून नाही. तो एकटा नव्हता आणि काम त्याच्यापाशी संपणारही नव्हते, हा तिचा आधार आहे. खचलेल्या माणसाला लवकर सावरण्याचा आग्रह करणाऱ्या धार्मिक भाषेला ही कथा आळा घालते.

५. पेत्र : दोन शेकोट्या

पेत्राने येशूला तीनदा नाकारल्याची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. मार्काने तिची मांडणी विशेष रीतीने केली आहे. प्रमुख याजकाच्या अंगणात पेत्र ऊब घेत बसल्याचे सांगून तो येशूच्या चौकशीकडे वळतो आणि ती संपल्यावर पुन्हा अंगणात येतो. आत येशू आपली ओळख कबूल करीत असतो, त्याच वेळी बाहेर पेत्र येशूची ओळख नाकारीत असतो. पेत्रापुढे उभी असलेली व्यक्ती सैनिक वा अधिकारी नसून एक दासी आहे, हेही लक्षणीय होय. आउअरबाख यांनी या प्रसंगाची विशेष दखल घेतली आहे. एका सामान्य कोळ्याच्या अंतःकरणातील उलथापालथ इतक्या गंभीरपणे चितारणे हे प्राचीन ग्रीक-रोमन वाङ्मयाच्या संकेतांत बसणारे नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली असेल? मार्क हा पेत्राचा दुभाषी होता आणि त्याने पेत्राच्या सांगण्यावरून लिहिले, अशी दुसऱ्या शतकातील पापियास याची साक्ष युसेबियसने नोंदविली आहे. आधुनिक अभ्यासकांत या साक्षीविषयी एकमत नाही. परंतु शुभवर्तमाने लिहिली जात असताना पेत्राचे नाव मंडळीत सर्वाधिक आदराचे होते, हे लक्षात घेतले तर या कथेचे टिकून राहणे विलक्षण वाटते. स्वतःच्या अग्रणीची भीती मंडळीने उपासनेत वाचली जाईल अशा ग्रंथात ठेवली.

योहानाच्या शुभवर्तमानात या कथेचा उत्तरार्ध आहे. अंगणातील शेकोटीसाठी योहानाने वापरलेला कोळशाच्या विस्तवाचा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. पहिल्यांदा अठराव्या अध्यायात, पेत्र नाकारतो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थित येशू समुद्रकिनारी शिष्यांसाठी मासळी भाजतो तेव्हा. जेवण झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्या वेळी पेत्र खिन्न होतो. नाकारण्याचा उल्लेख कोणीही करीत नाही, पण विस्तवही आहे आणि तीनची संख्याही आहे. म्हणजे घडलेले विसरून जाण्यास सांगितलेले नाही. पेत्राला त्या जागेपाशी परत आणले आहे आणि तेथेच मेंढरे पाळण्याचे काम त्याच्याकडे सोपविले आहे.

यानंतर पेत्र निर्दोष झाला असे नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे, परंतु याकोबाकडील काही लोक आल्यावर तो भीतीने मागे सरला आणि म्हणून आपण त्याला तोंडावर विरोध केला. अंगणातील भीती येथे पंक्तिभेदाच्या रूपाने परत आली आहे. जातिभेदाचा आणि पंक्तिप्रपंचाचा इतिहास जाणणाऱ्या मराठी वाचकाला या प्रसंगाचे गांभीर्य निराळे सांगावे लागू नये. येथेही पेत्राला सावरणारी गोष्ट एकच आहे, त्याला तोंडावर सांगणारा कोणीतरी होता.

या संदर्भात यहूदा इस्कर्योताचा विचार टाळता येत नाही. मत्तयाच्या वृत्तान्तानुसार त्यालाही पस्तावा होतो. निर्दोष माणसाला धरून दिल्याची कबुली देत तो चांदीची तीस नाणी परत करतो. त्यावर याजक, आम्हाला त्याचे काय, तुझे तू पाहा, असे उत्तर देतात. ज्यांनी त्याचा उपयोग करून घेतला त्यांनी त्याला झिडकारले. पेत्र रडला तरी त्याला परतण्यासाठी सोबती होते. या दोघांतील अंतर पश्चात्तापाच्या खोलीचे होते, असे संहिता म्हणत नाही. कबुली ऐकून घेणारे कोणी आहे की नाही, हा फरक मात्र ठळकपणे दिसतो. मंडळी म्हणविणाऱ्यांवर त्यातून मोठी जबाबदारी येते.

६. काही आक्षेप

वरील विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला ऐतिहासिक आहे. लेओनहार्ड रोस्ट यांनी १९२६ मध्ये असे मत मांडले की दाविदाच्या दरबाराचे हे कथन शलमोनाच्या वारसाहक्काच्या समर्थनार्थ रचले गेले. तसे असेल तर दाविदाच्या दोषांची कबुली हा राजकीय डावपेच ठरेल. हे मत विचारार्ह आहे. तथापि, शलमोनाची बाजू मांडणाऱ्या लेखकाने त्याच्याच आईवडिलांच्या संबंधाची सुरुवात व्यभिचार आणि हत्या यांनी करावी, हे विसंगत वाटते. मूळ हेतू काहीही असो, हाती असलेली संहिता त्या हेतूच्या पलीकडे गेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दाविदाला क्षमा मिळाली, पण तामारेचे काय? ती भावाच्या घरी उद्ध्वस्त अवस्थेत राहिली, एवढे सांगून कथा तिला सोडून देते. नवजात बालकाने कोणाच्या पापाचे फळ भोगले? फिलिस ट्रिबल यांनी ‘टेक्स्ट्स ऑफ टेरर’ (१९८४) या ग्रंथात हागार, तामार, इफ्ताहाची कन्या आणि शास्ते पुस्तकातील निनावी उपपत्नी यांच्या कथा वाचल्या आणि त्यांवर सोयीचा सुखान्त लादण्यास नकार दिला. हा नकार योग्य आहे. स्खलनाच्या कथेतून मिळणारी आशा केवळ स्खलन करणाऱ्यासाठी असेल, तर ती अन्यायाची भागीदार होते.

तिसरा आक्षेप व्यवहारातला आहे. संस्थेत किंवा मंडळीत अधिकारावरील व्यक्तीकडून गैरवर्तन घडते, तेव्हा दाविदाचे नाव ढालीसारखे पुढे केले जाते. दाविदाला देवाने क्षमा केली, मग तुम्ही कोण, असा युक्तिवाद होतो. डिट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ या संकल्पनेतून ज्यावर टीका केली ती हीच वृत्ती होय. कथेचा असा वापर करणारे नाथानाला विसरतात. दाविदाची क्षमा नाथानाच्या धैर्यानंतर येते, त्याच्या जागी येत नाही. ज्या मंडळीत नाथानाला बोलू दिले जात नाही, तिला दाविदाच्या क्षमेचा दाखला देण्याचा अधिकार नाही.

७. मराठी वाचनपरंपरेचा संदर्भ

पूर्वजांचे दोष न झाकणारे कथन ही बायबलची मक्तेदारी नाही, हे मराठी वाचकाला महाभारतामुळे ठाऊक आहे. द्रोणवधाच्या वेळी युधिष्ठिर अर्धसत्य बोलतो आणि जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भूमीला टेकतो. स्वर्गारोहणाच्या वेळीही त्या कपटाबद्दल त्याला नरकाचे दर्शन घ्यावे लागते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) मध्ये महाभारतातील व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहिले. पूज्य ग्रंथाची चिकित्सा केल्याने त्याची थोरवी उणावत नाही, हे या ग्रंथाने मराठी वाचकांना पटवून दिले. बायबलच्या मराठी वाचकालाही ही दृष्टी उपकारक ठरू शकते.

मराठी ख्रिस्ती साहित्यात तर याचे ठळक उदाहरण उपलब्ध आहे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई टिळकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे जे चित्र रेखाटले आहे, ते पूजेसाठी मांडलेले नाही. टिळकांचा रागीट स्वभाव, न सांगता घर सोडून जाणे आणि त्यांच्या औदार्याने संसाराची होणारी ओढाताण हे सारे तेथे येते. स्वतःच्या सोवळ्याओवळ्याच्या हट्टाविषयीही लक्ष्मीबाई तितक्याच मोकळेपणाने लिहितात. तरीही पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयीचा आदर उणावत नाही. दोष सांगूनही माणूस गमावला जात नाही, ही बायबलच्या कथनातील शक्यता येथे मराठी संसाराच्या भाषेत उतरली आहे.

८. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) बायबलमधील व्यक्तींच्या दोषांतून मिळणारी आशा तुलनेवर आधारलेली नाही. दावीदही चुकला म्हणून माझी चूक लहान ठरत नाही.

२) दोष गाळण्याचा पर्याय उपलब्ध असतानाही परंपरेने ते जतन केले. आपल्या श्रेष्ठांविषयी खरे बोलू शकणारा समाज अस्तित्वात असू शकतो, हा या आशेचा पहिला आधार होय.

३) उरीयाचे नाव वीरांच्या यादीपासून येशूच्या वंशावळीपर्यंत टिकून राहते. अन्याय सोसणाऱ्याच्या स्मृतीवाचून अन्याय करणाऱ्याची क्षमा बायबलच्या कथनात पूर्ण होत नाही. तामारेच्या बाबतीत ही स्मृतीही अपुरी पडते आणि वाचकाने ती उणीव मान्य केली पाहिजे.

४) एलीयाच्या कथेत मन सावरण्यापूर्वीच काम व सोबत मिळते. खचणे हा अपराध मानला जात नाही.

५) पेत्राच्या कथेत स्खलनानंतरही पुन्हा स्खलन आहे. त्याला टिकवून धरते ती त्याला परत बोलावणारी, प्रसंगी तोंडावर विरोध करणारी माणसे. आशा ही केवळ व्यक्तीच्या अंतःकरणातील घटना नसून ती समूहाच्या आचरणावरही अवलंबून असते.

रविवारच्या शाळेतील मुलांना उरीयाची कथा कोणत्या वयात व कोणत्या शब्दांत सांगावी, हा प्रश्न शिक्षकांनी आपल्या विवेकाने सोडवावा. परंतु ती कधीच न सांगता मोठ्या झालेल्या मुलांना, स्वतःचा पाय घसरेल त्या दिवशी, दगड हाती घेतलेला तेजस्वी दावीद फारसा उपयोगी पडणार नाही. त्या दिवशी त्यांना नाथानासमोर उभा राहून आपली चूक कबूल करणारा दावीद माहीत असावा लागेल. आणि ज्यांच्यावर कोणीतरी अन्याय केला आहे, त्यांना सदतीस वीरांच्या यादीतील शेवटचे नाव माहीत असावे लागेल.